नभोवाणीवरील सांजवात

नाताळच्या पाठोपाठ येणारा रविवार कॅथलिक ख्रिस्ती समाजात ‘पवित्र कुटुंबा’चा सण म्हणून पाळला जातो. बाळ येशू, माता मरिया आणि सुतारकामावर संसार चालविणारा योसेफ या तिघांच्या घराचे त्या दिवशी स्मरण केले जाते. १९२१ साली साऱ्या ख्रिस्तसभेसाठी ठरवून दिलेला हा सण थाटामाटाचा नाही. परंतु त्याच्या गाभ्याशी असलेला विचार देव्हाऱ्यापुढे बसणाऱ्या कोणाही भाविकाला परका वाटू नये. देव जसा मंदिरात तसाच तो चुलीपाशीही आहे, हाच तो विचार.

आपल्याकडे गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानला गेला आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांनी गिरिजाबाईंच्या साथीने प्रपंच करीतच परमार्थ साधला. ख्रिस्ती परंपरेत मात्र ब्रह्मचर्य आणि मठवास यांचा मान दीर्घकाळ वरचढ राहिला. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने कुटुंब म्हणजे जणू घरातील ख्रिस्तसभाच होय आणि आईबाप हे मुलांचे पहिले धर्मोपदेशक होत, असे स्पष्ट शब्दांत मांडले. संसारी माणसाच्या साधनेला त्यामुळे मोठी प्रतिष्ठा लाभली.

धर्मपरिषदेच्या कितीतरी आधी हा विचार घरोघरी पोचविला तो नभोवाणीने. आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात १९०९ साली पॅट्रिक पेटन यांचा जन्म झाला. नऊ भावंडांच्या त्या घरात रोज रात्री सारे गुडघे टेकून जपमाळ ओढीत. पेटन १९२८ साली अमेरिकेत गेले. धर्मगुरूपदाचे शिक्षण चालू असतानाच त्यांना क्षयाने गाठले. त्या दुखण्यातून ते उठले आणि घराघरांत सहकुटुंब प्रार्थना रुजविण्यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य वाहिले. एकत्र प्रार्थना करणारे कुटुंब एकत्र राहते, हे त्यांच्या चळवळीचे घोषवाक्य जगभर पोचले.

१३ मे १९४५. अमेरिकेतील मातृदिन. युरोपातील महायुद्ध थांबून जेमतेम पाच दिवस लोटले होते. त्या दिवशी पेटन यांनी देशव्यापी नभोवाणीवरून जपमाळेची प्रार्थना प्रसारित केली. सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी त्यात सहभागी होते. परंतु प्रार्थनेसाठी जे कुटुंब बोलाविले होते, ते होते आयोवा राज्यातील सलिव्हन कुटुंब. टॉमस सलिव्हन रेल्वेत नोकरीला होते. त्यांचे व ॲलेटाबाईंचे पाचही पुत्र ‘जुनो’ या एकाच युद्धनौकेवर होते. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्वादलकनालजवळ ती नौका बुडाली आणि पाचांपैकी एकही परतला नाही. त्या मातापित्यांनी आपल्या कन्येसह त्या मातृदिनी प्रार्थना म्हटली. त्यांनी कोणतेही प्रवचन केले नाही, दुःखाचा पाढा वाचला नाही. रोजची, पाठ असलेली प्रार्थनाच म्हटली. ज्यांच्या घरात तशीच एखादी जागा रिकामी झाली होती, त्यांना याहून मोठा आधार कोणता असणार?

अमेरिकेतीलच एका दांपत्याने पुढच्या काळात या कार्याला निराळे वळण दिले. ग्रेगरी पॉपचॅक हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९९९ साली ओहायो राज्यात एक समुपदेशन संस्था स्थापन केली. दूरदूरच्या कॅथलिक कुटुंबांना ती दूरध्वनीवरून सल्ला देऊ लागली. पत्नी लिसा यांच्यासह त्यांनी ‘मोर टू लाइफ’ हा नभोवाणी कार्यक्रम चालविला. श्रोत्याने दूरध्वनी करावा, मनातील गाठ उघड करावी आणि पतिपत्नींनी मिळून ती सोडवू पाहावी, असे त्याचे स्वरूप. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात विवाह आणि देह यांच्या पावित्र्यावर जी प्रवचनमाला गुंफली, तिचा आधार या सल्ल्याला असतो. पुरुषाचा व स्त्रीचा असे दोन्ही स्वर एकाच वेळी ऐकू येतात, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य. संसाराचे प्रश्न संसारी जोडप्यानेच ऐकून घ्यावेत, यात एक वेगळाच दिलासा आहे.

या दांपत्याची शिकवण अगदी साधी. कुटुंबाने दररोज चार गोष्टी एकत्र कराव्यात: काम, खेळ, संवाद आणि प्रार्थना. भांडी विसळताना आईच्या शेजारी उभा राहणारा मुलगा, जेवणानंतर रंगलेला एखादा डाव, दिवसभराची विचारपूस, आणि शेवटी देवापुढे जोडलेले हात. यातील कोणतीच गोष्ट त्यांना क्षुद्र वाटत नाही. चारही मिळूनच घरातील उपासना पूर्ण होते, असे ते मानतात.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परक्या माणसाला दूरध्वनी करून जे सांगावेसे वाटते, ते स्वतःच्या घरात का सांगता येऊ नये? एके काळी घरात एकच नभोवाणी संच असे आणि सारे त्याच्याभोवती बसत. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र यंत्र आहे. एका छपराखाली चार माणसे चार दिशांना असतात. नभोवाणीवरचा सल्लागार कितीही सहृदय असला, तरी कार्यक्रम संपला की त्याचा आवाज थांबतो. त्यानंतर बोलायचे ते घरच्यांनीच.

आपल्याच वसईकडील मराठी ख्रिस्ती घरांतून सायंकाळी जपमाळेची परंपरा चालत आली आहे. आपल्या घरांत त्याच वेळी सांजवात लागते, शुभंकरोति होते. शब्द वेगळे, मूर्ती वेगळ्या. तिन्हीसांजेला सर्वांनी घरी असावे ही ओढ मात्र एकच. नाताळनंतरच्या त्या रविवारी शेजारच्या घरातून जपमाळेचा स्वर कानी आला, तर वाचकहो, क्षणभर थांबून तो ऐकावा. आणि मग आपल्याही घरातील साऱ्यांना देव्हाऱ्यापुढे हाक मारावी.