पाठीच्या कण्यातलं एक अक्षर

घोड्याच्या २३व्या गुणसूत्रावर डीएमआरटी३ नावाचं एक जनुक आहे. कधीकाळी एका घोड्यात त्या जनुकातलं एकच अक्षर बदललं, सायटोसिनच्या जागी अॅडेनिन आलं. त्यामुळे त्या जनुकावरून बनणारं प्रथिन पुरं होण्याआधीच तुटू लागलं. असं काही झालं की आपण आजाराची भीती धरतो. इथे मात्र त्या घोड्याच्या वंशजांना अशा चाली साधल्या, ज्या इतर घोड्यांना सहसा साधत नाहीत.

हे उलगडलं २०१२ साली. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी आइसलँडच्या घोड्यांचा अभ्यास करून ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. हे जनुक मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या एका लहानशा गटात काम करतं. कोणता पाय कधी उचलायचा, डाव्या-उजव्याचा आणि पुढच्या-मागच्याचा मेळ कसा घालायचा, हे त्या पेशी सांभाळतात. हेच जनुक बंद केलेल्या उंदरांचीही चाल बदलली. म्हणजे पावलांचा ताल मोठ्या अंशी पाठीच्या कण्यातच जुळतो. मला हे वाचल्यापासून कोणताही प्राणी नुसता चालताना दिसला तरी त्याच्या पायांवरून नजर हटत नाही.

आता हा बदल स्वाराला कसा जाणवतो ते पाहू. साधा घोडा वेग वाढवू लागला की दुडक्या चालीवर येतो. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग उरलेली जोडी, आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. त्या क्षणी स्वार वर उडतो आणि लगेच खोगिरावर आदळतो. आइसलँडच्या घोड्याच्या ‘टोल्ट’ या चालीत हा हवेतला क्षणच नाही. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, अशी पावलं सारख्या अंतराने एकेक पडत जातात आणि एक किंवा दोन पाय सतत जमिनीला टेकलेले असतात. हाच क्रम साध्या चालण्याचाही असतो. तो न मोडता हा घोडा धावण्याच्या वेगाला पोचतो, आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. आइसलँडमध्ये बिअरचा भरलेला प्याला हातात धरून टोल्टमध्ये रपेट करण्याच्या शर्यती होतात, ज्याची सर्वांत कमी सांडेल तो जिंकतो.

जनुकाची बदललेली एक प्रत असली तरी टोल्ट साधू शकतो. आई आणि बाप दोघांकडून ती मिळाली, तर बहुतेकदा पाचवी चालही येते. तिचं नाव ‘स्केइद’. तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र झेपावतात, आणि थोड्या अंतराच्या शर्यतीत तिचा वेग चौखूर धावणाऱ्या घोड्याच्या जवळपास जातो.

हे अक्षर आलं कुठून, याचा माग २०१६ साली जुन्या हाडांतल्या डीएनएवरून काढला गेला. तपासलेल्या अवशेषांत हा बदल सर्वांत आधी दिसला तो इंग्लंडमधल्या यॉर्कच्या दोन घोड्यांत, इसवी सन ८५० ते ९०० च्या सुमाराच्या. आइसलँडच्या नवव्या ते अकराव्या शतकातल्या घोड्यांत तो भरपूर आढळला. त्या काळच्या युरोपच्या मुख्य भूमीवरच्या घोड्यांत मात्र तो सापडला नाही. यॉर्क तेव्हा व्हायकिंगांच्या ताब्यात होतं. तिथले मऊ चालीचे घोडे त्यांनी नावेत घालून आइसलँडला नेले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. पुढे ९८२ साली आइसलँडच्या लोकसभेने, म्हणजे अल्थिंगने, बाहेरून घोडे आणायला बंदी घातली असं सांगतात. ही बंदी आजही आहे. एकदा देशाबाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही, आणि परदेशी स्वाराला स्वतःचं वापरलेलं खोगीर किंवा लगामसुद्धा सोबत नेता येत नाही. हजार वर्षं वेगळ्या राहिलेल्या या घोड्यांना बाहेरचा रोग लागला तर तो झपाट्याने पसरेल, म्हणून ही काळजी.

इथवरची गोष्ट जन्माने मिळणाऱ्या देणगीची झाली. माझं कुतूहल खरं अडकलं ते पुढच्या भागात. या घोड्याच्या मज्जारज्जूत पावलांचं बंधन सैल आहे, म्हणूनच त्याला जास्त चाली येतात. आणि ते सैल आहे म्हणूनच लहानशा कारणानेही त्याचा ताल ढळतो. दुडक्या चालीच्या घोड्यावर खोगीर थोडं चुकीचं बसलं तरी तो दुडकतच राहतो. टोल्टवाल्याची अशा वेळी चालच बदलते.

खोगिरापासूनच सुरुवात करू. टोल्टमध्ये पुढचा पाय उंच उचलला जातो आणि तो उचलताना खांद्याचं हाड मागे सरकतं. खोगिराचा पुढचा भाग तिथे रुतला तर घोडा पाऊल आखडतं घेतो. खोगीर फार मागे नेलं तर वजन शेवटच्या बरगडीपलीकडे, कमरेच्या कमजोर भागावर येतं. या घोड्याची पाठ आखूड असते, त्यामुळे मधली जागा थोडीच. त्यात मानेमागचा उंचवटा सपाट असल्याने उतारावर खोगीर पुढे घसरतं. त्यासाठी पुष्कळजण शेपटीखालून दुमची बांधतात. तंग एकदम आवळायचा नाही. आधी सैल ठेवून घोड्याला चार पावलं चालवायचं, मग एकेक भोक घट्ट करायचं.

त्यानंतर स्वार. मऊ चालीवर माणूस सैलावतो, मागे रेलतो, आणि तोल जाईल असं वाटलं की लगाम धरून बसतो. घोडा मग मान वर काढतो, पाठ खाली दाबतो, आणि चार सुटी पावलं दोन-दोनच्या जोड्यांत चिकटू लागतात. स्केइदचा वेग नाही आणि टोल्टचा मऊपणाही नाही, अशी अर्धवट चाल उरते. स्वार डावी-उजवीकडे डोलू लागतो. यावर उपाय वेग कमी करण्याचा आहे. साध्या चालण्यावर यायचं, हात हलके करायचे, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्यांवरून घोड्याला नेऊन प्रत्येक पाय वेगळा उचलायला लावायचा. काही घोडे उलट दिशेने ढळतात, दुडक्या चालीकडे. त्यांना चालण्यातून टोल्टमध्ये आणि पुन्हा चालण्यात असं परत परत न्यावं लागतं. सराईत स्वार हे कानाने ओळखतो. कठीण वाटेवर टापांचे चार ठोके सारख्या अंतराने ऐकू आले, तर सगळं ठीक आहे.

खुरांचं गणित तर याहून बारीक. पुढच्या पायात थोडं वजन वाढवलं की तो पाय क्षणभर उशिरा उठतो, आणि एका बाजूची चिकटलेली जोडी सुटी होते. म्हणून स्पर्धांत पुढच्या खुरांवर संरक्षक बूट चालतात, पण त्यांचं वजन २५० ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नालबंदाने खुराचं टोक लांब ठेवलं तरी असाच परिणाम होतो, पण त्याची किंमत पायातले स्नायुबंध मोजतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावे लागतात.

हेच गणित माणसाच्या हव्यासाच्या हाती गेलं की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. टेनेसी वॉकिंग हॉर्स ही तिथली मऊ चालीची नामांकित जात. प्रदर्शनात पुढचे पाय भडक उंच उचलावेत म्हणून तिच्या खुरांच्या वर पायाला जळजळणारी रसायनं चोळली जात आणि त्यावर साखळ्या घातल्या जात. दुखऱ्या जागी साखळी आपटली की घोडा पाय झटकन वर घेई, आणि प्रेक्षक टाळ्या देत. १९७० साली या क्रौर्याविरुद्ध तिथल्या संसदेने कायदा केला, तरीही प्रकार पुरता थांबला नाही. मूळच्याच सुंदर चालीला वेदनेने ताणायची कुणाला गरज वाटावी, याचं मला फार दुःख होतं.

आइसलँडच्या घोड्याची रोजची देखभालही त्याच्या मूळ मुलखाला धरूनच समजते. तुटपुंज्या गवतावर जगायला शिकलेल्या शरीराला युरोपातली हिरवीगार कुरणं बाधतात. घोडा लठ्ठ होतो, खुराच्या आतला भाग सुजतो आणि पाऊल टाकणं मुश्किल होतं. म्हणून मालक चराईचे तास मोजतात, तोंडाला जाळी बांधतात, चंदी जपून देतात. घोड्याला चावणारी बारीक चिलटं आइसलँडमध्ये नव्हती. परदेशी गेलेल्या घोड्यांपैकी कितीतरींना त्यांच्या चाव्याची ॲलर्जी होते. मग घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून रक्तबंबाळ करून घेतो. त्याला अंगभर झूल घालायची आणि संध्याकाळी तबेल्यात घ्यायचं, हा उन्हाळ्याचा नेम होऊन बसतो.

मऊ चालीची ओढ आपल्याकडेही जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या रेवाल या मऊ चालीला मोठा मान असतो. विकणारा घोडा नाचवून दाखवतो आणि गर्दी तिकडे धावते. रेवाल घोडा घ्यायचा असेल तर आधी खोगीर उतरवायला सांगावं. पाठीवर केसांचे पांढरे ठिपके असतील तर तिथे कधीतरी खोगिराने जखम केलेली असू शकते. मग घोड्याला लगाम सैल सोडून कठीण जमिनीवर चालवायला लावावं, तेही विकणाऱ्याऐवजी दुसऱ्याच स्वाराला बसवून. आपण बाजूला उभं राहून टापा ऐकाव्यात. ठोके सारखे पडत असतील, मान मोकळी आणि शेपटी सैल असेल, तरच किमतीची बोलणी सुरू करावीत.