विश्लेषण : ‘परमात्मा एक’ मार्ग भंडाऱ्यात इतका का रुजला?

मार्च २०२४ मध्ये मोहाडी येथील एका कथाकार्यक्रमात महानत्यागी बाबा जुमदेवजी यांच्याविषयी झालेल्या विधानावरून त्यांचे सेवक संतप्त झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. विदर्भाबाहेर अनेकांना हे नाव तेव्हाच कळले. भंडारा जिल्ह्यात मात्र या मार्गाचे सेवक गावोगावी आहेत. अशा पंथांकडे समाजशास्त्र कसे पाहते?

हा मार्ग काय आहे?

जुमदेवजी ठुब्रीकर यांचा जन्म १९२१ मध्ये नागपुरातील विणकर कुटुंबात झाला. त्यांनी ‘मानव धर्म’ सांगितला. चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम ही त्याची चौकट. सत्य, मर्यादा, प्रेम हे ते तीन शब्द. एकाच भगवंताला मानणे, व्यसने सोडणे, कुटुंबात एकी राखणे आणि कुटुंब मर्यादित ठेवणे यांवर नियमांचा भर आहे. मूर्तिपूजा, अंगात येणे, मांत्रिकाकडे जाणे यांना जागा नाही.

लोक ‘मार्गात’ का येतात?

तत्त्वज्ञान पटले म्हणून येणारे थोडे. घरातली दारू, न हटणारे दुखणे, करणी-भुताची भीती किंवा रोजची भांडणे हे अनेकांचे पहिले कारण असते. शेजारी किंवा सोयरा आधीच सेवक असतो, तोच मार्गदर्शकाकडे नेतो. अमेरिकेतील अभ्यासक जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी १९६५ मध्ये एका नव्या पंथाच्या अभ्यासातून हेच मांडले होते : माणूस संकटात असतो, पण त्याला पंथात आणतात ती ओळखीची, जिव्हाळ्याची माणसे. ‘भोळ्या लोकांना भुलवले’ एवढ्याने उलगडा होत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनीही १९८४ च्या अभ्यासात ‘मेंदू धुतला जातो’ हा समज खोडून काढला.

व्यसन सुटते ते कशामुळे?

दारू सोडणाऱ्याला एकट्याची शपथ पुरत नाही, कारण संध्याकाळी जुने मित्र दारात उभे असतात. इथे नियम एकट्याने नव्हे, सगळ्या घराने पाळायचे असतात. चर्चाबैठकीत नवी माणसे भेटतात आणि चुकल्यास विचारणाराही असतो. श्रद्धेचे बळ समूहातून येते, हे एमिल दुर्खेम यांचे म्हणणे होते. घरात पगार टिकला, मारहाण थांबली, तर त्याचा पहिला लाभ बाईला होतो.

याची किंमत काय?

कुलदैवत सुटते आणि गावच्या पूजेतला सहभाग थांबतो. सेवक इतर देवांचा प्रसाद घेत नाहीत. एक भाऊ मार्गात आणि दुसरा बाहेर असेल, तर लग्न-तेरवीत अवघडलेपण येते. जो नियम घराला जोडतो, तोच भावकीत अंतर पाडू शकतो.

संस्थापकानंतर काय होते?

मॅक्स वेबर यांच्या मते विलक्षण व्यक्तीचा प्रभाव तिच्यानंतर टिकवायचा, तर तो नियम, पदे आणि संस्थांत उतरावा लागतो. जुमदेवजींचे १९९६ मध्ये निधन झाले. मंडळ, मार्गदर्शकांची साखळी, मौद्याचा आश्रम आणि सहकारी बँक यांतून कामाला संस्थेचे रूप आले. अशा टप्प्यावर वारसा कोणाचा, हा वादही बहुतेक पंथांत उद्भवतो.

याला ‘कल्ट’ म्हणावे का?

बहुतेक अभ्यासक हा शब्द टाळतात, कारण त्यात निकाल आधीच लागलेला असतो. आज प्रतिष्ठित असलेला महानुभाव पंथही कधीकाळी बंडखोरच मानला गेला होता. म्हणून नावापेक्षा व्यवहार तपासावा. आजारी माणूस दवाखान्यातही जातो का? सर्पदंशावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरातील सुनेला, मुलांना ‘नको’ म्हणता येते का? मार्ग सोडलेल्याशी बोलणे चालू राहते का? कोणत्याही पंथाला, जुन्या किंवा नव्या, हेच प्रश्न विचारायला हवेत.