गाईड मिटा, मग कविता वाचा

पेपरात प्रश्न येतो, ‘कवितेतील प्रतिमा स्पष्ट करा.’ आपण लगेच लिहितो, ‘आगगाडी म्हणजे सत्ता, जमीन म्हणजे शोषित जनता.’ मार्क मिळतात, पण कविता वाचायची राहूनच जाते.

कुसुमाग्रजांची ‘आगगाडी व जमीन’ घ्या. १९४२ मध्ये आलेल्या ‘विशाखा’ संग्रहातली. गाडी मस्तीत धावतेय. खाली चिरडली जाणारी जमीन तिला विनवतेय, गाडी हिणवतेय. शेवटी जमीन खवळते आणि गाडी दरीत कोसळते.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा. कवी आपल्याला कुठं उभं करतो? प्रवासाच्या कवितेत आपण एरवी खिडकीशी बसतो आणि बाहेर झाडं पळतात. इथं आपण रुळांखाली आहोत. दुसरं, कोण कसं बोलतं? एकीच्या तोंडी विनवणी, दुसरीच्या तोंडी उर्मट भाषा. बोलण्यावरूनच दोघींचं नातं कळतं. तिसरं, चित्र कुठं पालटतं? जिला तुडवलं, तिच्याच आधारावर गाडी उभी होती. हे कळलं की शेवट चमत्कार वाटत नाही.

हीच कविता आष्टीत बसून वाचून बघा. आपल्या भागातली जुनी गाडी म्हणजे पुलगाव-आर्वी नॅरोगेज, जेमतेम ३५ किलोमीटरची, आता बंद पडलेली. कंपनी ब्रिटिश, आणि वाहायचा तो इथल्या काळ्या मातीतला कापूस. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबारात गावकरी शहीद झाले. म्हणून ‘ही कविता आष्टीवर आहे’ असं मात्र लिहू नका. कवितेत आष्टी नाही. पण चांगली प्रतिमा एकाच अर्थाला बांधलेली नसते, त्यामुळे आष्टीही तिच्यात मावते.

आणि आजचं काय? समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. बाबांनी कापूस विकून फी भरली, त्या पैशावर आपण पुण्याच्या गाडीत बसतो. मग या कवितेत आपण कोण? जमीन, गाडी की दोन्ही? याचं उत्तर कुठल्याच गाईडात सापडणार नाही. पेपरात ते दोन ओळींत लिहा, पण त्याला कवितेतला पुरावा जोडा.