जातिभेदाचा पुरावा : इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज ही नवी दिल्लीतील संशोधन संस्था जानेवारी २००३ मध्ये सुरू झाली. जन्माने मिळालेल्या ओळखीमुळे माणसांना बाजारातून, सरकारी सेवांतून आणि सार्वजनिक जीवनातून कसे वगळले जाते, याचा अभ्यास हे तिचे मुख्य काम आहे. दलितांबरोबर आदिवासी, भटके-विमुक्त आणि धार्मिक अल्पसंख्याक यांचे प्रश्नही तिच्या कक्षेत येतात. अभ्यासातून जे हाती लागते ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत आणि हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांपर्यंत पोहोचवणे, हे तिचे दुसरे काम.

अशा संस्थेची गरज कायद्याच्या यशातूनच निर्माण झाली. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरवले आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यानंतर जातिभेद उघडपणे मान्य करणारे कमी झाले आणि तो नाकारणारे वाढले. ज्याच्या वाट्याला भेदभाव येतो त्याला तो ठाऊक असतो. पण त्याची तक्रार एकट्यादुकट्याचा अनुभव म्हणून बाजूला सारता येते. हजारो अनुभव एकाच पद्धतीने नोंदवले आणि तपासले, तर मात्र त्यांना उत्तर द्यावे लागते.

पुराव्याची परंपरा

पुरावा हातात घेऊन हक्क मागण्याची ही रीत महाराष्ट्राला जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षणाविषयी निवेदन दिले. सरकारी शिक्षणाचा पैसा कष्टकऱ्यांच्या करातून येतो आणि लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला, १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला निवेदने सादर केली. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करून या समितीने १९३० मध्ये अहवाल दिला.

महाडच्या चवदार तळ्याचा लढाही १९२७ च्या सत्याग्रहावर संपला नाही. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात केला. खटला दहा वर्षे चालला. हा दावा पुराव्यावर टिकला नाही आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर फेटाळला. रस्त्यावर मागितलेला हक्क कागदोपत्रीही सिद्ध करावा लागतो, हे त्या खटल्याने दाखवून दिले.

स्थापनेचा काळ

संस्थेचे पहिले संचालक अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात हे याच परंपरेत घडले. त्यांचा जन्म १९४९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील महिमापूर येथे झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि आरोग्याच्या अभ्यासक संघमित्रा आचार्य यांनीही संस्थेची धुरा सांभाळली.

स्थापनेच्या सुमाराला दलित चळवळीत नवे प्रश्न पुढे आले होते. १९९८ मध्ये दलित मानवी हक्कांसाठीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २००१ मध्ये डर्बन येथील वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा भारत सरकारने त्याला विरोध केला. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे दलित विचारवंत आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी जाहीरनामा काढला. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांमुळे खासगी क्षेत्राचे महत्त्व वाढत होते आणि राखीव जागा फक्त सरकारी क्षेत्रापुरत्या होत्या. खासगी उद्योगांनी दलितांना संधी द्यावी का, या वादात उद्योगांचे उत्तर ठरलेले होते : आम्ही गुणवत्ता पाहतो, जात पाहत नाही. हे उत्तर खरे की खोटे, हे तपासण्याची सोय तोपर्यंत जवळपास नव्हती.

दरी आणि भेदभाव

दलित आणि इतर यांच्यातील आर्थिक दरी सरकारी आकडेवारीत दिसत होतीच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या वेगवेगळ्या फेऱ्यांत उपभोग खर्च, शिक्षण, जमीन यांतली तफावत नोंदली जात होती. पण तफावत म्हणजे भेदभाव नव्हे. कमी पगारामागे कमी शिक्षण असू शकते, आणि कमी शिक्षणामागे पिढ्यान्‌पिढ्यांची भूमिहीनता. मागच्या अन्यायाचा वारसा किती आणि आज, या घडीला होणारा अन्याय किती, हे वेगळे काढल्याशिवाय उपाय ठरत नाही. पहिल्यावर शिष्यवृत्ती, जमीन आणि भांडवल हे उपाय आहेत. दुसऱ्यासाठी भेदभावाला रोखणारा कायदा आणि राखीव संधी लागतात, कारण पदवी मिळाल्यानंतरही दार बंदच राहिले तर नुसत्या शिष्यवृत्तीने काही साधत नाही.

अमेरिकेत वंशभेदाच्या संदर्भात गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये भेदभावाचे अर्थशास्त्र मांडले होते, आणि तिथल्या अभ्यासकांनी मोजमापाची तंत्रेही विकसित केली होती. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तंत्रे जातीला लावून पाहिली. जात ही मुळात व्यवसाय, मालमत्ता आणि मोबदला जन्मावरून ठरवणारी आर्थिक व्यवस्था आहे, ही आंबेडकरांची मांडणी त्यांनी पायाशी ठेवली.

गावांची पाहणी

पहिले तंत्र म्हणजे गावोगावची पाहणी. संस्था सुरू होण्याआधी, २००१-०२ मध्ये, अकरा राज्यांतील ५६५ गावांत अस्पृश्यतेची मोठी पाहणी झाली होती. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी लिहिलेला तिचा ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतल्या जवळपास निम्म्या, म्हणजे ४८.४ टक्के गावांत दलितांना पाणवठ्यावर मज्जाव होता. ३७.८ टक्के गावांतल्या सरकारी शाळांत दलित मुलांना जेवताना वेगळे बसवले जात होते. सुमारे एकतृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल टाकत नव्हते. शाळा आणि आरोग्यसेवा दोन्ही सरकारी. म्हणजे अस्पृश्यता घरगुती चालीरीतींपुरती उरलेली नव्हती, सरकारी पगारावरची माणसेही ती पाळत होती.

संस्थेने पुढे अन्नसुरक्षेच्या योजनांकडे लक्ष वळवले. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या पाच राज्यांतील ५३१ गावांत शाळेतले मध्यान्ह भोजन आणि रेशन दुकाने यांची पाहणी झाली. थोरात आणि जोएल ली यांनी तिचे निष्कर्ष २००५ मध्ये मांडले. या पाहणीत प्रश्न नेमके होते. भोजन कुठे शिजते आणि वाढले जाते : दलितवस्तीत की वरच्या जातींच्या आळीत? स्वयंपाकी कोण आहे? मुलांना एका पंगतीत बसवतात का? शिजवलेले अन्न मिळत असलेल्या तीन राज्यांत, म्हणजे राजस्थानात ५२, तामिळनाडूत ३६ आणि आंध्र प्रदेशात २४ टक्के गावांनी मध्यान्ह भोजनात भेदभाव होत असल्याचे सांगितले. दलित स्वयंपाकिणीला कामावर घेतले की इतर पालकांनी मुलांना जेवू न देणे, तिला काढून टाकण्याची मागणी करणे, असे प्रकारही नोंदले गेले.

या तिन्ही राज्यांत योजना एकच असूनही तिचा अनुभव वेगवेगळा होता, आणि हाच या पाहणीचा धोरणाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भाग ठरतो. जागा, स्वयंपाकी आणि पंगत या तिन्ही गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला, की मध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे. तो आदेश गावात उतरतो की नाही हे पाहण्यासाठी अशाच पाहण्या लागतात.

आडनावाची कसोटी

संस्थेचे सर्वांत गाजलेले संशोधन नोकरीच्या अर्जांचे आहे. थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिराती गोळा केल्या. पदवी पुरेशी असलेल्या, सुरुवातीच्या पातळीवरच्या या नोकऱ्या होत्या. प्रत्येक जाहिरातीला काल्पनिक तरुणांच्या नावाने अर्ज गेले. शिक्षण आणि अनुभव सारखे, फरक फक्त नावाचा : एकाचे आडनाव उच्चवर्णीय हिंदू, दुसऱ्याचे दलित, तिसऱ्याचे नाव मुस्लिम. जात किंवा धर्म अर्जात कुठेही लिहिलेला नव्हता. ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज पाठवले गेले आणि मुलाखतीचे किंवा लेखी परीक्षेचे बोलावणे कोणाला येते याची नोंद ठेवली गेली.

२००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलित अर्जदाराला बोलावणे येण्याचा संभव, त्याच पात्रतेच्या उच्चवर्णीय अर्जदाराच्या तुलनेत, सुमारे दोन-तृतीयांश होता. मुस्लिम अर्जदाराचा सुमारे एक-तृतीयांश. उमेदवाराला कोणी पाहिले नव्हते, त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. कागदावरची गुणवत्ता समान होती, म्हणून या फरकाचे खापर शिक्षणावर किंवा इंग्रजीवर फोडता येत नाही.

याच प्रकल्पात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी गुणवत्तेचा पुरस्कार केला. त्याच वेळी उमेदवाराचे कुटुंब कसे आहे, हे विचारणे त्यांना पूर्णपणे रास्त वाटत होते. एस. मधेश्वरन आणि अ‍ॅटवेल यांनी शहरी पगारदारांची आकडेवारी तपासली आणि समान पात्रता असूनही अनुसूचित जाती-जमातींचा पगार भेदभावामुळे सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहतो, असा निष्कर्ष काढला. पगारातल्या दरीचा मोठा भाग शिक्षण आणि अनुभव यांतल्या फरकातून येतो, हेही त्यांनी नोंदवले. थोरात आणि न्यूमन यांनी संपादित केलेल्या २०१० च्या ग्रंथात हे संशोधन एकत्र आले.

नावाची हीच कसोटी पुढे भाड्याच्या घरांना लावण्यात आली. दिल्ली आणि परिसरात घर शोधणाऱ्यांना फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत कसा प्रतिसाद मिळतो, हे तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम घरशोधकांना नकार मिळाले, काहींना जाचक अटी किंवा जादा भाडे सांगितले गेले. मुस्लिमांना मिळालेले नकार अधिक होते.

निष्कर्षांचा प्रवास

संशोधनाला धोरणापर्यंत नेण्याचे मार्ग अनेक होते. २००६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वसतिगृहात वेगळे पाडले जाणे, शिक्षकांचे दुर्लक्ष आणि परीक्षेतला पक्षपात यांविषयीचे विद्यार्थ्यांचे म्हणणे २००७ च्या अहवालात नोंदले गेले. २००६ ते २०११ या काळात थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. अनेक विद्यापीठांत सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरण यांच्या अभ्यासाची केंद्रे याच काळात उभी राहिली. एका संस्थेपुरता असलेला विषय त्यामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आला. संस्थेने २०१४ मध्ये सामाजिक समावेशनाला वाहिलेले स्वतःचे संशोधन नियतकालिकही सुरू केले.

दलित संघटनांनाही या आकड्यांचा आधार मिळाला. खासगी क्षेत्रातल्या राखीव जागांच्या वादात उद्योग संघटनांनी २००६ मध्ये स्वेच्छेने कृती आराखडा मांडला होता. अर्जांच्या प्रयोगानंतर भेदभाव होतच नाही ही भूमिका घेणे अवघड झाले. तरीही खासगी नोकऱ्या किंवा भाड्याची घरे यांतला जातिभेद रोखणारा सर्वंकष कायदा देशात झालेला नाही.

मालमत्तेचा प्रश्न आणि मोजमापाच्या मर्यादा

संस्थेने जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्याबरोबर संपत्तीच्या वाटपाचाही अभ्यास केला. २०१३ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणीवर तो आधारलेला आहे. लोकसंख्येत सुमारे २२ टक्के असलेल्या उच्चवर्णीय हिंदूंकडे देशाच्या संपत्तीचा ४१ टक्के वाटा, तर अनुसूचित जातींकडे ७.६ टक्के, असे त्यात आढळले. नोकरी आणि पगार यांतला भेदभाव उद्या थांबला, तरी जमीन, घर आणि भांडवल यांतली ही दरी आपोआप मिटणार नाही. म्हणून भेदभावविरोधी कायदा आणि मालमत्तेचे फेरवाटप या दोन्ही मागण्या संस्थेच्या मांडणीत एकत्र येतात.

या तंत्रांना मर्यादाही आहेत. अर्जांचा प्रयोग पहिल्या दारापर्यंतच पोहोचतो. मुलाखत, बढती आणि रोजची वागणूक त्याच्या बाहेर राहतात. ओळखीपाळखीतून भरल्या जाणाऱ्या नोकऱ्या वृत्तपत्रात येतच नाहीत. गावाच्या पाहणीत तक्रार केल्यावर काय होईल या भीतीने माणसे गप्प राहतात, त्यामुळे आकडे वास्तवापेक्षा कमी येण्याचा संभव असतो. दलित स्त्रियांवर जात आणि लिंग या दोन्हींचा भार एकत्र पडतो. सरासरीत तो झाकला जातो आणि वेगळा मोजावा लागतो.

या मर्यादा मान्य करूनही संस्थेच्या कामाचे मोल ठरते ते एका बदलामुळे. पूर्वी भेदभाव सिद्ध करण्याचे ओझे तो सोसणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर होते. आता शाळा, दवाखाना, कंपनी आणि घरमालक यांच्या व्यवहाराची तपासणी करता येते, तीच तपासणी काही वर्षांनी पुन्हा करता येते आणि सुधारणा झाली की नाही हे सांगता येते. समतेचे संविधानाने दिलेले वचन किती पाळले गेले, याचा हिशेब मागण्याचे हे साधन आहे, आणि ते वापरणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे.