नळ गोठला तर आगीची घाई नको

निफाडला पारा ५ अंशांखाली उतरला की द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. तरीही आपल्याकडे घरचा नळ गोठून फुटला, असे सहसा ऐकू येत नाही. मग हा विषय या पानावर कशाला?

साताऱ्याजवळचे आपशिंगे हे फौजी जवानांचे गाव म्हणून ओळखले जाते. अशी गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलगा फौजेत, आणि सूनबाई लेकरांना घेऊन शिमल्याकडे किंवा लेहला बिऱ्हाड करते. लेहला हिवाळ्यात पारा उणे १० अंशांच्याही खाली जातो. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडक थंडीचा काळ म्हणतात. एके सकाळी तोटी सोडावी, तर थेंब येत नाही. अशा वेळी काय करावे, हे आपल्या माणसांना आधीच ठाऊक असलेले बरे.

पाइप का फुटतो?

पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाइपात बर्फाचा बुचा बसतो आणि तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढच्या पाण्याला रेटतो. तोटी बंद असेल तर त्या पाण्याला वाट नसते. दाब वाढत जातो, आणि लोखंडी पाइपसुद्धा चिरतो. गंमत अशी, की बर्फ आहे तोवर चीर कळत नाही. बर्फ वितळला की घरात पाणीच पाणी!

आधीची काळजी

पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर रात्री पाइप रिकामा करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. आधी गीझर बंद करा. मग मेन कॉक बंद करून सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तोटी उघडा. वरून हवा शिरते, खालून पाणी निघून जाते. रात्री लागणारे पाणी घरात भरून ठेवा. मात्र भांडी काठोकाठ भरू नका. पाणी चोवीस तास असेल, तर कडाक्याच्या रात्री तोटीतून बारीक धार वाहू द्या. वाहते पाणी लवकर गोठत नाही.

उघड्यावरच्या पाइपाला गोणपाट किंवा जुन्या चिंध्या जाड गुंडाळा. पण एक लक्षात ठेवा. गोधडी स्वतः ऊब देत नाही, अंगातली ऊब राखते. गोणपाटाचेही तसेच. ते भिजले की कामातून गेले. म्हणून वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधा. सांधे, वळणे आणि भिंतीतून पाइप बाहेर पडतो ती जागा विसरू नका.

नळ गोठलाच तर

पहिल्यांदा पाइप कुठे चिरला आहे का, ते पाहा. चीर दिसली तर मेन कॉक बंद करा आणि नळकाम करणाऱ्याला बोलवा. चीर नसेल तर तोटी उघडा आणि ती उघडीच ठेवा. वितळलेल्या पाण्याला वाट हवी. मग पाइपाला फडके गुंडाळून त्यावर गरम पाणी ओता, उकळते नको. सुरुवात तोटीच्या बाजूने करा आणि हळूहळू मागे सरका. अर्धा-पाऊण तास लागला तरी कंटाळू नका. धार सुरू झाली की सगळे सांधे पुन्हा तपासा. पाणी नीट वाहू लागेपर्यंत गीझर लावू नका.

कागद पेटवून किंवा स्टोव्ह लावून पाइप कधीही शेकू नका. प्लॅस्टिकचा पाइप वितळतो. लोखंडी पाइपात दोन बर्फांच्या मध्ये वाफ कोंडली, तर पाइप स्फोटासारखा फुटतो. लाकडी घर पेटायलाही वेळ लागत नाही. तसेच न्हाणीघर उबदार करायला शेगडी ठेवून दार लावून घेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

पुढच्या वेळी मुलाचा फोन आला, की एवढे त्याला आणि सूनबाईंना आवर्जून सांगा. नळ दुरुस्त होतो, पाइप नवा बसतो. घाईपायी गेलेला जीव मात्र परत मिळत नाही.