आठ कोअर म्हणजे आठपट वेग नव्हे

‘जुन्या फोनमध्ये चार कोअर होते, यात आठ आहेत, म्हणजे हा दुप्पट वेगवान.’ मोबाइलच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. तिथे ते समजू शकतं. पण संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या प्रकल्प-अहवालात ‘सोळा कोअर वापरल्याने वेग सोळापट होतो’ असं बिनदिक्कत लिहिलेलं दिसतं, तेव्हा मात्र चीड येते. मोजून पाहिलं का? बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मोजले आणि तोच आकडा वेगापुढे मांडला.

वेग किती पट झाला हे सांगणारा स्पीडअप म्हणजे दोन वेळांचं गुणोत्तर. तेच काम आधी किती वेळात होत होतं, त्याला आता किती वेळात होतं याने भागायचं. शंभर मिनिटांचं काम वीस मिनिटांवर आलं, तर स्पीडअप पाच. या व्याख्येत कोअरची संख्या कुठेच येत नाही.

आता हिशेब करू. एका प्रोग्रामला एका कोअरवर १०० मिनिटं लागतात. त्यातलं ९० मिनिटांचं काम वाटून देता येतं. उरलेल्या १० मिनिटांच्या कामात एक पायरी संपल्याशिवाय पुढची सुरूच करता येत नाही. दोन कोअर लावले की ९० ची ४५ होतात, १० तशीच राहतात. एकूण ५५ मिनिटं, म्हणजे स्पीडअप १.८. आठ कोअरवर सव्वाएकवीस मिनिटं, स्पीडअप ४.७. सोळा कोअरवर ६.४. हजार कोअर आणले तरी ९.९. पंगतीला वाढपी वाढवले म्हणून भात लवकर शिजत नाही. इथे न वाटता येणारं काम फक्त दहा टक्के होतं, तरी त्याने कमाल मर्यादा दहावर आणून ठेवली.

ही मर्यादा १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी दाखवून दिली. आयबीएमच्या सिस्टिम/३६० संगणकाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता, त्यामुळे हे कुणा बाहेरच्याचं मत नव्हतं. अटलांटिक सिटीच्या परिषदेतला त्यांचा निबंध मोजक्या पानांचा आहे. पाठ्यपुस्तकांत ‘अ‍ॅमडालचा नियम’ म्हणून छापलं जाणारं सूत्र त्यात नाही, युक्तिवाद आहे. प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामांमध्ये सुमारे ४० टक्के सूचना माहितीच्या निव्वळ व्यवस्थापनावर खर्च होतात आणि दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास हललेलं नाही, असं त्यांनी नोंदवलं होतं.

शिवाय वरचा हिशेब उदार आहे. काम वाटून देण्याला काहीच वेळ लागत नाही असं त्यात धरलंय. प्रत्यक्षात सगळे कोअर एकाच मेमरीवर अवलंबून असतात, एकाचं लिहून होईपर्यंत दुसरे खोळंबतात, निकाल एकत्र करावे लागतात. त्यामुळे एका टप्प्यानंतर कोअर वाढवले की वेळ कमी होण्याऐवजी वाढतो, असंही घडतं. आणि फोनमधले आठ कोअर बहुधा एकसारखे नसतातच. एआरएम कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि लहान कोअर एकत्र बसवण्याची रचना जाहीर केली. लहान कोअर बॅटरी वाचवण्यासाठी असतात, जाहिरात मात्र सगळ्यांची एकच बेरीज सांगते.

हे ऐकून काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात: ‘मग समांतर संगणक बांधण्यात अर्थच काय?’ हाही गैरसमजच. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जॉन गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावर तीन वैज्ञानिक प्रश्न सोडवून हजाराहून अधिक स्पीडअप मिळवला. १९८८ मध्ये त्यांनी त्यामागचं कारण मांडलं. मोठं यंत्र हाती आल्यावर कुणी जुनाच लहान प्रश्न सोडवत बसत नाही, प्रश्न मोठा करतो. उदाहरणार्थ, हवामानाचा अंदाज वेळेत हवा असतो. ताकद वाढली की तो तासभर आधी मिळवण्यापेक्षा नकाशावरची जाळी अधिक बारीक केली जाते. वाटता येणारं काम त्यामुळे अफाट वाढतं, न वाटता येणारं फारसं वाढत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो याच वाटेने, ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून. अ‍ॅमडाल आणि गुस्टाफसन दोघंही बरोबर आहेत. स्पीडअप सांगताना प्रश्न तेवढाच ठेवला की वाढवला, हे सांगायलाच हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. वेळ ५० टक्क्यांनी घटला तर वेग ५० टक्क्यांनी वाढत नाही, दुप्पट होतो. आठ प्रोसेसरवर आठाहून जास्त स्पीडअप अशक्य नाही: वाटलेली माहिती प्रत्येकाच्या कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या जलद मेमरीत, मावू लागली की तसं होतं. गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, म्हणजे वेग नव्हे: २००४ चा पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर चाले, तरी त्याहून कमी ठोक्यांवर चालणारा आजचा कोअर त्याला सहज मागे टाकतो, कारण तो दर ठोक्याला जास्त काम करतो. क्वांटम संगणक ‘सगळी उत्तरं एकदम तपासून’ लगेच निकाल देत नाही: ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या रीतीने १० लाख नोंदींत शोध घ्यायला सुमारे ८०० पावलं लागतात. एकेक नोंद तपासत जाण्यापेक्षा हा मोठा लाभ आहे, पण चमत्कार नाही. आणि एका प्रोसेसरवरचा मुद्दाम मंद प्रोग्राम तुलनेला घेऊन मिळवलेला स्पीडअप निरर्थक. असल्या क्लृप्त्यांची बारा कलमी यादी डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्येच छापली होती.

वेग यंत्रातूनच येतो, ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते. १९६० मध्ये मॉस्कोत गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी अटकळ मांडली, की मोठ्या संख्यांचा गुणाकार आपल्या शाळेतल्या रीतीहून फारसा जलद करता येणार नाही. २३ वर्षांच्या अनातोली कारात्सुबाने आठवडाभरात ती खोटी ठरवली. १०२४ अंकी दोन संख्यांना शाळेच्या रीतीने साडेदहा लाखांच्या आसपास एकअंकी गुणाकार लागतात, त्याच्या रीतीने ५९,०४९. बेरजा थोड्या वाढतात, पण फायदा मोठा आहे आणि संख्या लांबतील तसा तो वाढतच जातो. यंत्राला कुणी हातही लावलेला नाही.

गणितात याच्याही पुढचा निकाल आहे. अ‍ॅमडाल यांचा निबंध आला त्याच १९६७ साली मॅन्युएल ब्लम यांनी सिद्ध केलं, की काही प्रश्नांसाठी सर्वांत जलद असा प्रोग्राम नसतोच. कुठलाही घ्या, त्याहून कितीतरी जलद दुसरा असतो. ‘म्हणजे कुठलाही प्रोग्राम हवा तेवढा जलद करता येतो’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चूक आहे. हे प्रश्न सिद्धतेसाठी खास रचलेले आहेत, आणि तो जलद प्रोग्राम शोधून हाती देणारी सर्वसाधारण रीत या सिद्धांतातून मिळत नाही.