महागडा गॉगल घ्यावा का?

सायकल घेतली की पाठोपाठ गॉगलचा विषय निघतोच. ओकलेसारख्या कंपनीचा सायकलिंगचा गॉगल म्हणजे सहज दहा हजारांच्या पुढे. एवढे पैसे घालावेत का?

डोळ्यांना खरा धोका अतिनील किरणांचा. त्यासाठी 'यूव्ही ४००' काच हवी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती अडवते. अशी काच हजाराच्या आतही मिळते. काच नुसती काळी असून भागत नाही, बरं का! काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर जास्तच किरण आत शिरतात. रस्त्यावरच्या गॉगलचं स्टिकर खरं असेलच असं नाही. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत काच मीटरवर मिनिटभरात तपासून मिळते.

मग जास्तीचे पैसे कशाचे? हलकी फ्रेम, घामानं न घसरणारी पकड, बदलता येणाऱ्या काचा आणि अर्थातच नाव! रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल मारणारीला त्याचा उपयोग आहे. बाकीच्यांनी पॉलिकार्बोनेटचा, कडेनंही डोळे झाकणारा साधा गॉगल घ्यावा. धूळ आणि चिलटं बाहेरच राहतात. उरलेल्या पैशांत उत्तम हेल्मेट येईल, नाही का?